टॅपेट सेट करूनही टकटक जाईना

बाइक स्टार्ट केली की इंजिनच्या हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या, व्हॉल्व असलेल्या भागातून) टकटक, रेस वाढवली की तीही वाढायची आणि इंजिन गरम झालं तरी जायची नाही. मेकॅनिक म्हणाला टायमिंग चेन (कॅम फिरवणारी इंजिनच्या आतली चेन) गेली, बदलून टाकू. मला पटेना, कारण चेन ढिली असली की खडखड येते आणि हा ठोका तर अगदी तालात पडत होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडला टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली, तर एग्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्वच्या) बाजूला सगळ्यात स्पष्ट ऐकू आलं. सायलेन्सरच्या बेंडचं गॅस्केट लीक असेल तरी सेम असाच आवाज येतो, म्हणून तेही पाहिलं, काजळी कुठेच नव्हती.

रात्रभर गाडी थंड होऊ दिली, प्लग काढला, मॅग्नेटचा टी मार्क (पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण) जुळवला, दोन्ही रॉकर (व्हॉल्व दाबणारे दांडे) हाताला ढिले लागले म्हणजे कॉम्प्रेशन स्ट्रोकच, दोन्ही व्हॉल्व बंद. टॅपेटचा गॅप म्हणजे रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्वची दांडी यांच्यातली फट, माझ्या इंजिनला तो इनटेक ०.०८ आणि एग्झॉस्ट ०.१२ मिमी लागतो. ०.१२ ची फीलर गेजची (गॅप मोजायची) पट्टी घातली तर हवी तशी अडत अडत सरकली. गॅप बरोबर, मग आवाज कुठून? दोन दिवस इथेच अडकलो. गॅप कमी करून आवाज दाबायचा मोह खूप झाला पण नाही केलं, कारण टाइट व्हॉल्व सीटवर नीट बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि एग्झॉस्ट व्हॉल्व जळतो.

शेवटी लॉकनट सोडून रॉकरच्या टोकाचा, गॅप कमीजास्त करणारा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू पूर्ण बाहेर काढला, टोकावर नख फिरवलं आणि नख अडकलं! मधोमध खड्डा पडलेला. पट्टी सपाट, ती खड्ड्याच्या कडांवर टेकते, व्हॉल्वची दांडी मात्र आत शिरते, म्हणजे पट्टी ०.१२ दाखवते आणि खरा गॅप त्याहून खड्ड्याच्या खोलीएवढा जास्त. इतकं बारीक असेल असं खरंच वाटलं नव्हतं. ऑइलही खालच्या मार्कच्या खाली गेलेलं निघालं, झीज त्यामुळेच झाली असावी.

कॅमचे लोब (रॉकर हलवणारे उंचवटे) आणि दांडीचं टोक टॉर्चने पाहिलं, दोन्ही गुळगुळीत. दोन्ही बाजूंचे स्क्रू-नट नवे टाकले. नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि गॅप बदलतो, त्यामुळे आवळून परत पट्टी घालायची, मला तीनदा करावं लागलं. नवं ऑइल भरून स्टार्ट केली, पहिले काही सेकंद टकटक झाली, मग ऑइल वर पोचलं आणि थांबली. ५०० किमी नंतर परत उघडून पाहिलं, ०.१२ ची पट्टी तशीच अडत सरकली.