'मृत्युंजय' पुन्हा वाचताना

अकरावीच्या सुट्टीत 'मृत्युंजय' वाचताना कर्णाच्या रथाचे चाक रुतले तेव्हा मी ढसाढसा रडलो होतो आणि त्यावरून घरातले मला अजून चिडवतात. त्यामुळे शिवाजी सावंतांची १९६७ सालची ही कादंबरी मला आता आवडत नाही, असे लिहिताना जरा अपराधी वाटते.

गेल्या पावसाळ्यात ती पुन्हा हाती घेतली. कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची पत्नी वृषाली, त्याचा धाकटा भाऊ शोण आणि श्रीकृष्ण या सहा जणांनी आपापल्या तोंडून कथा सांगायची, ही रचना मला आजही धाडसी वाटते. तक्रार आहे ती त्यांच्या भाषेबद्दल. सारथ्याच्या घरात वाढलेला शोण, मानी दुर्योधन आणि प्रत्यक्ष श्रीकृष्ण हे तिघेही उपमांनी ओथंबलेल्या एकाच मराठीत बोलतात, इतके की मधलेच एखादे पान उघडले तर कोण बोलते आहे हे केवळ भाषेवरून मला ओळखता येईना. शिवाय मनातली प्रत्येक कळ इतकी सविस्तर उलगडून सांगितली जाते की वाचकाला आपणहून गलबलून यायला उसंतच मिळत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) नेमकी ही उसंत आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो, शाळेत मुलेच नसतात, मग हळूहळू कारभाऱ्याचा आणि वाडीचा विश्वास बसतो, सगळे मिळून तालीम बांधतात आणि तिच्यासाठी खुद्द राजा वाडीवर येतो. पुढे पाऊस दगा देतो, मेंढरे मरू लागतात आणि माणसे वाडी सोडून जगायला बाहेर पडतात. हे सांगताना लेखक आवाज चढवत नाही, कोणाची कीव करत नाही. ओस पडत चाललेली वाडी तेवढी दाखवतो. (वाडीतली तरुण अंजी मात्र मला अपुरी वाटते; मास्तर तिच्याकडे पाहतो तो लांबूनच.) एवढ्याशा पुस्तकातला आनंदा रामोशी मला शेजाऱ्यासारखा आठवतो, आणि 'मृत्युंजय'मधला शोण, त्याला स्वतंत्र प्रकरण मिळूनही, आठवत नाही.

परवा भाचीने माझी 'मृत्युंजय'ची प्रत मागून नेली. तिला मी यातले काहीही सांगितलेले नाही.