जिप्सी मेजरचं मॉडेल, भाग ६ : सिलिंडर क्रँककेसच्या आत का घुसतो

दीड महिन्याने लिहितोय. मधे ऑफिसचं क्लोजिंग, मग पाऊस, पण काम थांबलं नव्हतं. चारही सिलिंडर बसलेत, क्रँकशाफ्ट फिरतोय, आणि काल रात्री साडेअकराला पहिल्यांदा चारही पिस्टन एकत्र हलताना बघितले. एक आणि चार वर तेव्हा दोन आणि तीन खाली, मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: जुन्या ड्रॉइंगचे विकतचे स्कॅन बघून मी कॉम्प्युटरवर एका विमानाच्या इंजिनाचं मॉडेल करतोय, डी हॅविलंडचं जिप्सी मेजर, चार सिलिंडर एका ओळीत, हवेने थंड होणारं, आणि उलटं, म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) वर आणि सिलिंडर खाली लोंबतात. टायगर मॉथ विमानात हेच असतं. उलटं अशासाठी की प्रॉपेलरचा शाफ्ट उंचावर राहतो, पात्याला जमिनीपासून जागा मिळते आणि पायलटच्या डोळ्यांसमोर सिलिंडरची रांग येत नाही. मी हेच का घेतलं तर जुहूमुळे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमानातून, आणि पस मॉथचं इंजिन म्हणजे मेजरचा थोरला भाऊ जिप्सी थ्री, १२० हॉर्सपॉवर. त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ११४ चा ११८ मिमी केला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १४० तसाच ठेवला, की मेजर झालं. १९८२ ला पन्नास वर्षं झाली तेव्हा जेआरडींनी तोच प्रवास परत केला तो लेपर्ड मॉथमधून, त्यात मेजरच. माझे काका तेव्हा गिरणीच्या संपावर होते, पेपरात फोटो बघितलेला त्यांना आठवतो.

काकांचा विषय आज येणारच आहे, पण आधी ड्रॉइंगबद्दल.

स्कॅन ज्यांनी विकले त्यांनी ते कुठल्या पिढीच्या कॉपीवरून केले देव जाणे, पण कागद आडवा जेवढा आकसलाय तेवढा उभा आकसलेला नाही. जुनी ब्ल्यूप्रिंट ओली करून धुवायचे आणि वाळताना कागद दोन दिशांना वेगवेगळा आकसायचा, त्यामुळे चित्रावर माप लावायचं नाही, जो आकडा लिहिलाय तोच खरा. हे मला माहीत होतं, तरी मी पहिल्या आठवड्यात स्कॅन मागे लावून त्यावरून रेषा ओढत होतो, कारण सोपं वाटतं. ते सगळं फेकलं. आता स्कॅन बाजूच्या स्क्रीनवर, आणि फ्रीकॅडमध्ये (मॉडेल काढायचा प्रोग्रॅम) प्रत्येक माप हाताने टाईप करायचं. वेळ जातो पण शांत झोप लागते.

दुसरी चूक मोठी होती. जुनी ब्रिटिश ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये असतात, म्हणजे डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे काढतात, आपणही डिप्लोमाला तेच शिकतो, पण मी गेली आठ वर्षं अमेरिकन क्लायंटचं थर्ड अँगल (डावीकडचं डावीकडेच) काम करतोय आणि डोळ्यांना तीच सवय लागलीय. मागचं कव्हर पूर्ण आरशातलं काढलं, म्हणजे डावा मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारा) उजवीकडे. चार संध्याकाळी गेल्या. तुम्ही करत असाल तर प्रत्येक शीटवर आधी एखादा वेडावाकडा, दोन्हीकडून सारखा नसलेला भाग शोधा आणि तो कुठल्या व्ह्यूमध्ये कुठे गेलाय ते बघून मगच पुढे जा.

आता आटे. या इंजिनाची गंमत म्हणजे बोअर आणि स्ट्रोक मिलिमीटरमध्ये, पण नटबोल्ट ब्रिटिश, बीएसएफ, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड फाइन, बारीक आट्यांचे. आट्याचा कोन ५५ अंश, आपल्या मेट्रिकला ६०. पाव इंचाला इंचात २६ आटे, तीन अष्टमांशला २०, अर्ध्याला १६. हे टेबलात मिळतं. पण नटाचा षटकोन केवढा काढायचा हे शीटवर नव्हतं, म्हणून एका रविवारी लालबागला काकांकडे गेलो. ते गिरणीत फिटर होते, तिथली जुनी मशिनं विलायती, सगळे आटे व्हिटवर्थ, म्हणजे जुने जाड ब्रिटिश. पलंगाखालून गोणपाटात गुंडाळलेले पाने काढले. एकावर कोरलंय ७/१६ डब्ल्यू आणि शेजारी १/२ बीएस. काका म्हणाले, "अरे, हा आकडा जबड्याचा नाही, बोल्टाचा. चार सुताचा बीएसएफ बोल्ट असेल तर त्याला साडेतीन सुताच्या व्हिटवर्थचा पाना लागतो." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यांच्या डोक्यात अजून सगळं सुतातच चालतं. कॅलिपर लावला तर जबडा २१ मिमीच्या जरा आत, टेबलात ०.८२० इंच, म्हणजे २०.८३. बरोबर जुळलं. माझ्या मॉडेलमधला प्रत्येक षटकोन त्या दिवशी बदलला.

आणि मग तेलाचं. सिलिंडरचा वरचा काठ ड्रॉइंगमध्ये क्रँककेसच्या (क्रँकशाफ्टभोवतीची पेटी) तळाच्या आत बराच वर घुसलेला दाखवलाय. मला वाटलं नुसता बसवण्यापुरता काठ असेल, एवढा कशाला, आणि क्रँकला तिथे जागा कमी पडेल असं वाटून मी तो छोटा करून ठेवला होता, मनात म्हटलं नंतर बघू. काकांना लॅपटॉपवर मॉडेल फिरवून दाखवलं. त्यांनी विमानाचं इंजिन आयुष्यात उघडलेलं नाही. दोन मिनिटं बघून विचारलं, "हे उलटं आहे ना? मग बेअरिंगमधून गळलेलं तेल पडणार कुठे?"

तेल पडणार क्रँककेसच्या तळावर, आणि तळाला चार भोकं, प्रत्येक भोकात सिलिंडर. काठ बुटका ठेवला तर सगळं तेल सरळ पिस्टनवर ओतलं जाणार. काठ वर काढलाय म्हणून तेल त्याच्या भोवती साचतं, तिथून स्कॅव्हेंज पंप ते ओढून बाहेरच्या टाकीत पाठवतो, कारण हे ड्राय संप आहे, खाली पॅन असायला जागाच नाही. तरी थोडं झिरपतंच, म्हणून उलट्या इंजिनात सुरू करण्याआधी स्विच बंद ठेवून पंखा हाताने फिरवून घेतात, खालच्या हेडमध्ये (सिलिंडरचं बंद टोक) तेल भरून अडकलं असेल तर हाताला लागतं. इतके महिने मी ही माहिती वाचलेली होती आणि तरी ती रेषा मला फालतू वाटली. काठ परत ड्रॉइंगप्रमाणे केला. क्रँकला जागा पुरते, मी उगाच घाबरलो होतो.

सध्या अडकलोय ते हेडवर. ११८ बाय १४० म्हणजे एका सिलिंडरला १५३१ सीसी, चार मिळून ६१२४, मॉडेल तेवढंच दाखवतं, छान. पण मार्क वनचं (मेजरची पहिली आवृत्ती) कॉम्प्रेशन ५.२५ ला १, म्हणजे पिस्टन हेडच्या टोकाला असताना हेडमध्ये ३६० सीसी जागा उरायला हवी. माझी ३४२ निघते. १८ सीसी कुठेतरी खाल्लेत. व्हॉल्व्हच्या सीटभोवतीचा खड्डा मी सपाट काढलाय आणि दोन्ही प्लगची भोकं अजून भरलेली आहेत, पण तेवढ्याने १८ होतील असं वाटत नाही, पिस्टनच्या डोक्याची गोलाई पण तपासायला लागेल. कोणी बीएसएफवाल्या ब्रिटिश हेडचं मॉडेल केलं असेल तर सांगा कुठे बघू.

फिन्सबद्दल (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या चकत्या) एकच: एक फिन काढून पॅटर्न करू नका, माझा आठ जीबीचा लॅपटॉप तिथेच बसला. पूर्ण दातेरी कडा एका स्केचमध्ये काढा आणि एकदाच गोल फिरवा, मग स्टडसाठी कापा.

काकांना बॅरल (सिलिंडरची नळी) आणि क्रँककेसचा सेक्शन मोठ्या कागदावर हवाय, स्क्रीनवर त्यांना नीट दिसत नाही. शनिवारी फोर्टला प्लॉटरवर काढून घेतो, खऱ्या मापात, आणि रविवारी लालबाग. पाने पण परत करायचेत.