एका नालेसाठी नऊ दिवस

मे महिन्यात आमच्या हरणी घोडीच्या पुढच्या उजव्या पायाची नाल सैल झाली आणि पुढचे नऊ दिवस मी नुसते फोन करत राहिलो. तो राग अजून उतरलेला नाही. पसरणी घाटाखाली आमच्यासारखं ज्यांच्या दारात एकच घोडं आहे, त्यांच्यावर ही वेळ कधी ना कधी येणार, म्हणून लिहितोय.

सोमवारी चालताना नाल वाजायला लागली. नेहमीच्या नालबंदाला फोन केला. "संध्याकाळी येतो." मंगळवारी "उद्या सकाळी". बुधवारी "दुपारनंतर नक्की". तिन्ही दिवस घोडी खुंट्याला बांधून, खूर धुऊन मी रस्त्याकडे डोळे लावून बसलो. गुरुवारी त्यानं फोनच उचलला नाही.

मे म्हणजे पाचगणी-महाबळेश्वरचा सीझन, हे मला कळतं. टेबल लँडवर, वेण्णा लेकवर घोडी दिवसभर पळतात, जांभ्यावर आणि डांबरावर नाला झिजतात. तिथं नालबंदाला एका जागी दहा घोडी मिळत असतील, तर एकीसाठी तो घाट कशाला उतरेल? पण मग "जमणार नाही" म्हणावं ना! एवढा एक शब्द सोमवारी मिळाला असता तर मी त्याच दिवशी दुसरी सोय बघितली असती.

तोवर नाल दोन खिळ्यांवर लोंबत होती. अशी अर्धवट नाल असण्यापेक्षा अजिबात नसलेली बरी. ती पायाखाली फिरते, आणि सुटलेल्या खिळ्यावर भार पडला की खिळा थेट तळव्यात घुसतो. रात्री दोन-दोनदा उठून बॅटरीच्या उजेडात बघून यायचो. जनावरांच्या दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरांनी आधी धनुर्वाताची लस दिलीय का ते विचारलं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, तुम्ही दिली नसेल तर देऊन घ्या. पण नाल मारणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता.

शेवटी गावात बैलांना पत्री, म्हणजे बैलाची नाल, मारणारे आप्पा आले. बैलाचं काम वेगळं. त्याला पाडून, पाय बांधून पत्री मारतात, आणि खूर दुभंगलेला म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात. घोडं उभंच ठेवावं लागतं. "मी घोड्याला ठोकणार नाही, पण काढून देतो," आप्पांनी स्पष्ट सांगितलं. त्या आठवड्यात मला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर. त्यांनी खिळ्यांची बाहेर वळवलेली टोकं कानशीनं घासली, मग एकेक खिळा पकडीनं ओढला. नाल तशीच हिसकली असती तर खुराचा तुकडा सोबत आला असता. मग चार दिवस हरणी मऊ मातीवर बांधून, आणि माझे फोन चालूच.

नवव्या दिवशी पहाटे पिकअप सांगितली आणि घोडीच वर नेली. गाडीभाडं मजुरीपेक्षा जास्त झालं, तरी छातीवरचं ओझं उतरलं.

पाचगणीत एक म्हातारे नालबंद बाबा पर्यटक यायच्या आत काम उरकतात. त्यांनी आधी हरणीला चालवून पाहिलं. मग पाय मांडीवर घेऊन वाढलेला खूर कापला, कानस फिरवली, नाल ठेवून बघितली, ऐरणीवर दोन ठोके दिले, परत ठेवून बघितली. असं चार वेळा. आमचा नेहमीचा माणूस तयार नाल ठोकून मोकळा होतो आणि पुढं आलेला खूर वरून घासून टाकतो. इतकी वर्षं मला ती सफाई वाटायची. बाबा म्हणाले, त्यानंच खूर पातळ होतो आणि खिळा धरत नाही.

खिळे मारताना ते एक शब्द बोलले नाहीत, कान देऊन ऐकत होते. कडक भागातून खिळा जाताना ठोका टणक येतो. आवाज बद्द झाला की खिळा आतल्या जिवंत भागाकडे चाललाय. तिसऱ्या खिळ्याला तसा आवाज आला, हरणीनं पाय आखडला. त्यांनी तिला दामटलं नाही, लगेच खिळा काढून जागा बदलली.

घरी आल्यावरही दुसऱ्या सकाळी चारी खुरांना हात लावून बघा. एखादा गरम लागला किंवा घोडं त्या पायावर भार देईना, तर त्याच दिवशी दाखवा. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: रोज खरारा करताना पाय उचलायची सवय लावा. हरणीला ती होती, म्हणून अनोळखी हातातही ती शांत उभी राहिली.

नाल झिजली नसली तरी खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो, त्यामुळे सहा-सात आठवड्यांनी काम करावंच लागतं. बाबांकडून पुढची तारीख त्याच सकाळी घेतली, आणि पिकअपवाल्यालाही सांगून ठेवलंय.