चार महिने झाकलेली आरएक्स १००: किक मारण्याआधी

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी कव्हर काढायचं, ताजं पेट्रोल ओतायचं आणि लगेच किकवर उभं राहायचं, असा बऱ्याच जणांचा बेत असतो. यामाहा आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकला तो महागात पडतो. फोर-स्ट्रोकसारखं क्रँकखाली ऑइल साठवलेलं इथे नसतंच. पेट्रोलबरोबर येणारं टू-टी ऑइल हेच क्रँकच्या बेअरिंगचं आणि पिस्टनचं वंगण. जूनपासून ठाण्याच्या दमट हवेत उभ्या गाडीत ते निथळून तळाला बसतं आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) कोरडा पडतो. शेवटची आरएक्स १०० १९९६ च्या सुमारास बनली. त्यामुळे ओरिजिनल सिलिंडर शोधत फिरण्यापेक्षा आहे तो जपलेला बरा. कामाला निदान आठवडाभर आधी लागा.

स्पार्क प्लग काढा, सिरिंजने भोकात ५ मिली टू-टी सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी चावी बंद ठेवून गाडी मेन स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळू फिरवा. इंजिन मऊ फिरायला हवं. अडकलं तर जोर लावू नका, आणखी थोडं ऑइल सोडून एक दिवस थांबा. किकवर उडी मारून सोडवायला गेलात तर रिंग तुटते.

आता पेट्रोल. टाकीतलं सगळं काढा, ‘अर्धी टाकी आहे, वर नवं टाकू’ हा हिशेब नको. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो, तो तळाला जातो, आणि पेट्रोल कॉकची नळी तिथूनच ओढते. काढलेलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत दहा मिनिटं ठेवलं की थराची रेघ दिसते. ऑइल पंप (वेगळ्या टाकीतलं टू-टी इंजिनला पुरवणारा) काढून थेट पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणाऱ्यांनी तर हे पाहायलाच हवं, कारण त्या खालच्या थरात टू-टी विरघळत नाही. इंजिन चालतं, पण कोरडं.

कार्बोरेटरचा बाऊल (खालची पेट्रोलची वाटी) उघडा. स्क्रूवर आधी डब्ल्यूडी-४० मारून ठेवा आणि बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरा, नाहीतर डोकी घासतात. आत तपकिरी चिकट थर आणि पितळेवर हिरवट पूड सापडेल. पायलट जेटमध्ये (कमी थ्रॉटलला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) सुई घालायची नाही, भोक मोठं झालं की मिक्श्चर कायमचं बिघडतं. वायरमधली तांब्याची एक बारीक तार आणि कार्ब क्लीनर पुरे. चोक ओढल्यावर चालू आणि चोक सोडला की बंद, असं होत असेल तर हाच जेट तुंबलाय. त्याचं खापर प्लगवर फोडू नका. एअर फिल्टरचा फोम बोटाने दाबून बघा. भुगा होत असेल तर बदला, तो भुगा थेट कार्बोरेटरकडे जातो.

ऑइल पंप आहे तिथे नळीत हवेचा बुडबुडा दिसतो का, ते टॉर्च लावून नीट पाहा. दिसला तर पंपाचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) सैल करून निव्वळ ऑइल येईपर्यंत सोडा. तरीही पहिल्या १ लिटर पेट्रोलमध्ये २५ मिली टू-टी मिसळाच. धूर जास्त येईल, येऊ दे.

क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. लिव्हर दाबून, दुसरा गिअर टाकून गाडी पुढे-मागे ढकला, मोकळ्या होतील. प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिमी. स्पार्क बघताना प्लग सिलिंडर हेडला टेकलेलाच हवा, हवेत लोंबकळत ठेवून किक मारली तर सीडीआयला (स्पार्क देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) फटका बसू शकतो.

आता कॉक उघडा, चावी बंद ठेवून तीन-चार किका मारा, मग चावी चालू, चोक ओढलेला, थ्रॉटल बंद. पेट्रोल जास्त झाल्याचा वास आला तर कॉक बंद, प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दहा-पंधरा किका (प्लग कॅपला लावून हेडला टेकवायचा विसरू नका).

सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटं दाट धूर येणारच, तळातलं ऑइल जळतंय. त्यानंतरही पांढरा धूर थांबेना आणि गिअर ऑइलची पातळी उतरत असेल, तर क्लचकडचं क्रँक सील गेलंय. उलट, थ्रॉटल सोडूनही आरपीएम चढत असेल तर मॅग्नेटोकडच्या सीलमधून हवा शिरतेय. तेव्हा ताबडतोब बंद करा, असं ‘लीन’ (हवा जास्त, पेट्रोल कमी) इंजिन सीज होतं, म्हणजे पिस्टन जाम होतो.

पीयूसीची तारीख बघून मगच रस्त्यावर या. पहिली फेरी उपवन तलावाभोवती, घोडबंदर रोडवर नको. येऊरपर्यंत गेलात तर परतीचा उतार जपून. थ्रॉटल बंद ठेवून गिअरमध्ये उतरताना इंजिन वेगाने फिरतं, पण ऑइल जेमतेम पोहोचतं. दर काही सेकंदांनी क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्या, आणि दोन बोटं क्लचवरच असू द्या.