“बघ ना आई, स्वच्छच आहेत!”

लेक सहा वर्षांची आहे आणि गेले कित्येक महिने आमच्याकडे रोज हा एकच संवाद चालायचा. ती टॉयलेटमधून धावत बाहेर येणार, मी विचारणार हात धुतलेस का, ती हो म्हणणार, मी विचारणार साबण लावलास का, की मग दोन्ही तळहात माझ्या नाकासमोर धरून “बघ ना आई, स्वच्छच आहेत!” आणि खरं सांगायचं तर ते दिसायला स्वच्छच असायचे, तिचं काय चुकलं त्यात? मोठी माणसंही तेच करतात की. वॉशरूममध्ये कितीतरी जणींना पाहिलंय, बोटांची टोकं नळाखाली धरली न धरली की केस सारखे करत बाहेर.

मग एका रविवारी तिच्या क्राफ्टच्या डब्यातली हिरवी चमकी काढली, तिच्या हातांना थोडं तेल चोळलं, वर चिमूटभर चमकी टाकली आणि सांगितलं की ही चमकी म्हणजे शीमधले जंतू, आता तू अर्धा तास नेहमीसारखी खेळ. अर्ध्या तासाने आम्ही दोघी टॉर्च घेऊन शोधायला निघालो. दाराच्या कडीवर चमकी, फ्रिजच्या हँडलवर, रिमोटवर, पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर, आजीच्या चष्म्याच्या काडीवर (तिनेच आजीला चष्मा नेऊन दिला होता), माझ्या गालावर, आणि तिच्या स्वतःच्या ओठाच्या कोपऱ्यात दोन कण. ते दोन कण आरशात दिसल्यावर ती एकदम गप्प झाली. मीसुद्धा, कारण मला यातलं वाचून सगळं माहिती होतं पण असं डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

एक आकडा सांगते. माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत १ लाख कोटीपर्यंत जंतू असू शकतात. एक ग्रॅम म्हणजे किती, तर साधी पेपर क्लिप हातात घ्या, साधारण तेवढं वजन. आता यातले बरेचसे निरुपद्रवी असतात हे खरं, पण जे त्रास देणारे असतात त्यांना फार मोठी फौज लागत नाही. शिगेला नावाचा जिवाणू आहे, त्याने रक्ताची आव होते, आणि त्याचे १० ते १०० जिवाणू पोटात गेले तरी पुरतात. नखाच्या खाली जी बारीक रेघ असते ना तिथे याच्या कितीतरी पट मावतात. टायफॉइड, कावीळ करणारा हिपॅटायटिस ए, उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस, लहान मुलांचे कृमी, हे सगळे याच वाटेने फिरतात, एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या तोंडात.

आणि आपण आजारी नाही म्हणजे आपल्या हातावर काही नाही, असंही नसतं. मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होती न्यूयॉर्कमध्ये. बाई स्वतः ठणठणीत, पण ज्या घरी कामाला लागेल तिथे टायफॉइड. १९०६ साली एका घरातल्या ११ पैकी ६ जणांना झाला, मग शोध घेता घेता तिच्यापर्यंत पोचले. तिच्या शौचात टायफॉइडचे जिवाणू सापडले. शिजवलेल्या अन्नात ते मेले असते, पण ती कच्ची फळं घातलेलं आइसक्रीमही करायची आणि संशय त्याच्यावरच गेला. तिला काही होत नव्हतं त्यामुळे तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. १९०७ मध्ये एका बेटावर वेगळं ठेवलं, १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडलं, पण १९१५ मध्ये ती नाव बदलून एका हॉस्पिटलमध्ये स्वयंपाक करताना सापडली आणि मग १९३८ साली वारली तोपर्यंत बेटावरच. मला तिचा राग येत नाही, वाईटच वाटतं. अंगात ताप नाही, पोट दुखत नाही, हात स्वच्छ दिसतायत, अशा माणसाने कसं समजायचं?

नुसत्या पाण्याचं काय होतं तेही आम्ही त्या चमकीवरच बघितलं. नळाखाली हात चोळले तरी तेलकट हातावरची चमकी हलेना. साबण लावला तेव्हा निघायला लागली. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, त्यामुळे हातावरचा तेलकट थर जंतूंसकट सुटून पाण्याबरोबर वाहून जातो, आणि काही विषाणूंचं वरचं आवरणच चरबीचं असतं ते साबणाने फाटतं. पण तरीही अंगठ्याच्या मागे, बोटांच्या बेचक्यात आणि नखांच्या कडेला चमकी राहिलीच होती, कारण आपण नुसते तळवे चोळतो. २० सेकंद म्हणतात ते यासाठी, या जागांपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतोच. पाणी गार असलं तरी चालतं आणि साबण अँटिबॅक्टेरियल वगैरे हवाच असं काही नाही, साधा चालतो. नंतर हात कोरडे करा, ओल्या हाताला जंतू पटकन लागतात आणि पटकन पसरतात.

सॅनिटायझर आहे की पर्समध्ये, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की टॉयलेटनंतर त्याच्यावर अवलंबून राहू नका. नोरोव्हायरसवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. साबण-पाणी अजिबातच नसेल तर काहीच नसण्यापेक्षा बरं, इतकंच.

“फक्त शू केली” हे कारण पण चालत नाही हं. कडी, फ्लशचं बटण, नळ, हे सगळं तुमच्या आधी आलेल्याने कोणत्या हाताने धरलं होतं ते तुम्हाला माहिती नसतं. तसंच तान्ह्या बाळाची शी. “बाळाची शी कसली घाण” असं इतक्या प्रेमाने म्हणतात, पण डायपर बदलल्यावर हातही साबणानेच धुवायचे, बाळाच्या शीतही रोगाचे जंतू असू शकतात.

आता सगळ्यात जिव्हाळ्याचं. चमकीच्या खेळानंतर मला वाटलं झालं, मुलीला पटलं. दुसऱ्या दिवशी परत तेच, पाण्याचे शिंतोडे आणि पळ. मी चिडून तिच्या मागे आत गेले आणि म्हटलं दाखव मला कसे धुतेस. ती टाचा उंच करून उभी राहिली, नळ कसाबसा पोचला, आणि साबण? साबण वरच्या काचेच्या फळीवर, माझ्या हाताच्या उंचीला. तिचा हात तिथे पोचतच नव्हता. इतके महिने मी तिला रागावत होते आणि तिला एकदाही नीट विचारलं नव्हतं. तिथेच डोळ्यात पाणी आलं माझ्या.

जगात २०२० साली सुमारे २३० कोटी लोकांच्या घरी हात धुवायला पाणी आणि साबण एकत्र मिळेल अशी सोयच नव्हती. त्यांना काय आळशी म्हणायचं? साबणाने हात धुतले तर जुलाबाचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं, इतकी मोठी गोष्ट, आणि ती अडते कुठे तर कुठे पाणी नाही, कुठे वडी संपलेली आहे आणि कोणी आणून ठेवलेली नाही.

आता बेसिनखाली एक छोटं स्टूल आहे आणि साबण खाली, नळाच्या शेजारी. लेक आतून मोठ्याने एक ते वीस मोजते. परवा पंधरावर थांबली, मी बाहेरून हाक मारली तर म्हणाली, “थांब, अंगठा राहिलाय.”