रागदारीच्या सीडींसाठी स्ट्रीमर निवडला, त्याचा अनुभव

सीडी प्लेअरचे दिवस भरले हे कळत होतंच, लिनसारख्या ऑडिओ कंपनीने तर 2009 मध्येच सीडी प्लेअर बनवणं बंद करायचं जाहीर केलं होतं. माझ्याकडे कपाटभर सीडी, बहुतेक हिंदुस्थानी शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. अँप्लिफायर, स्पीकर चांगले आणि डॅकही (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारं यंत्र) बदलायची गरज नव्हती. हवा होता तो फक्त चांगला स्ट्रीमर, म्हणजे नेटवर्कवरच्या किंवा पेनड्राइव्हवरच्या फाइली वाजवणारा प्लेअर. पैसे खर्च करायची तयारी होती आणि आयुष्यभर जमवलेलं गाणं नीट ऐकायचं म्हणजे तेवढं करायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी सगळ्या सीडी रिप केल्या, म्हणजे त्यातलं गाणं कॉम्प्युटरवर फाइलींत उतरवलं. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरलं, फाइली एफएलएसी या प्रकारात. एक सीडी साधारण तीनचारशे एमबी होते, म्हणजे 1 टीबीमध्ये अडीच हजारांच्या आसपास मावतात, जागेची चिंता नको. एफएलएसी लॉसलेस आहे, सीडीवरचं 16 बिट 44.1 किलोहर्ट्झ जसंच्या तसं राहतं. टायडल आणि कोबझ या स्ट्रीमिंग सेवा भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत, आणि मला जे ऐकायचंय त्यातलं बरंच स्ट्रीमिंगवर सापडतही नाही, त्यामुळे घरची लायब्ररी हाच खरा पाया.

मग डेमो सुरू झाले. दुकानदार आवाजावर बोलतो, म्हणजे साउंडस्टेज (आवाजाचा पसारा) केवढा आणि बेस कसा खोल वगैरे. पण दोन प्लेअर शेजारी शेजारी ऐकताना एकाची पातळी अर्धा-एक डेसिबलने जरी जास्त असली तरी कानाला तोच चांगला वाटतो, म्हणून मी टेस्ट टोन लावून मल्टिमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज सारखं करून घ्यायचो आणि मगच ऐकायचो. असं केल्यावर माझ्याच डॅकला डिजिटल केबलने जोडलेल्या स्वस्त आणि महाग स्ट्रीमरमध्ये मला फरक ऐकू आला नाही. ज्यांना येतो त्यांच्याशी भांडण नाही. पण माझा निर्णय तिथेच आवाजावरून उठून वापरावर गेला.

आणि वापरात पहिली अट गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता वाजणं. आपल्याकडच्या कितीतरी सीडींवर विलंबित आणि द्रुत असे वेगळे ट्रॅक केलेत, पण गाणं सलग आहे, तानपुरा मध्ये थांबत नाही. प्लेअर गॅपलेस नसेल तर विलंबित संपून द्रुत सुरू होताना तानपुरा खटकन तुटतो आणि रंगलेला राग तिथेच विस्कटतो, तेही नेमका कलाकार बंदिश उचलतोय तेव्हा. एका बऱ्याच महागड्या प्लेअरवर नेटवर्कवरून वाजवताना हेच झालं, पेनड्राइव्हवरून मात्र नीट. कारण साधं आहे, पुढचा ट्रॅक आधीच मागून ठेवायची सोय प्लेअरच्या सॉफ्टवेअरमध्ये लागते. म्हणून डेमोला जाताना स्वतःची सीडी रिप करून न्या आणि घरी ज्या पद्धतीने वाजवणार त्याच पद्धतीने तिथे वाजवून बघा, दुकानातल्या जॅझवर काही कळत नाही.

दुसरी गोष्ट, शोधणं. ऑनलाइन डेटाबेसमधून आलेले टॅग (फाइलीतल्या गायक, ट्रॅक वगैरेंच्या नोंदी) म्हणजे नुसता गोंधळ, एकाच गायकाच्या नावाआधी कुठे पंडित, कुठे पं., कुठे काहीच नाही, आणि प्लेअरला ते तीन वेगळे गायक. राग तर ट्रॅकच्या नावात कुठेतरी कोंबलेला. मी एमपीथ्रीटॅग या टॅग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून नावं एकसारखी केली आणि राग, ताल असे स्वतःचे फील्ड जोडले. कंटाळवाणं काम, पण स्ट्रीमरपेक्षा जास्त सुख यानेच दिलं. असे आपले फील्ड समजून घेणारा सर्व्हर, म्हणजे प्लेअरला फाइली पुरवणारं सॉफ्टवेअर, हवा; मिनिमसर्व्हर ते करतो आणि रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरही चालतो. आता मारवा म्हटलं की घरातला सगळा मारवा समोर येतो, किशोरीताई, मन्सूर, अमीर खाँ, ज्याचा असेल त्याचा.

शेवटी लुमिन यू2 मिनी हा स्ट्रीमर घेतला. त्यात डॅक नाही, म्हणजे ज्याची मला गरज नाही त्याचे पैसे गेले नाहीत. लिनने सुरू केलेली ओपनहोम ही प्लेअर चालवायची पद्धत त्यात आहे, त्यामुळे प्लेलिस्ट प्लेअरमध्येच राहते, फोनवर कॉल आला किंवा फोन बंद पडला तरी गाणं चालू. रागावरून शोधायला फोनवर बबलयूपीएनपी हे अ‍ॅप वापरतो. वायफायऐवजी लॅनची केबल टाकली, तिथे काटकसर करू नका. रून हे लायब्ररी सांभाळून गाणं वाजवणारं सॉफ्टवेअरही बघितलं, फार देखणं आहे, पण त्याचा स्वतःचा वेगळा सर्व्हर सतत चालू हवा, शिवाय वर्गणी, म्हणून सोडलं.

सध्या नाट्यसंगीताचे टॅग लावतोय. तिथे गायक पुरत नाही, चाल कुणाची हेही लागतं, म्हणजे गोविंदराव टेंब्यांच्या चाली एकत्र काढून वेगवेगळ्या गळ्यांतून ऐकता येतील.