गाजराला आलेला केळ्याचा वास

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सांगोल्याकडचे एक काका ओल्या पोत्यात गुंडाळलेलं डाळिंबाचं खोड घेऊन एसटीने सोलापूरला, आमच्या लॅबमध्ये आले. पोतं सोडता सोडता म्हणाले, "तेल्या न्हाई ओ ताई. तेल्या मला कळतो. ही झाडं नुसती पिवळी पडून वाळाय लागल्यात." तेल्या म्हणजे तेलकट डाग पाडणारा डाळिंबाचा रोग. भगवा जातीची बाग, तीन झाडं गेलेली. खोडाचा आडवा काप घेतला तर आतल्या लाकडात करडा-तपकिरी डाग फाकत गेलेला.

मर रोग, हे उघड होतं. पण कुठल्या बुरशीचा? संशय सेरॅटोसिस्टिस फिम्ब्रिएटावर. ती मुळांना मुळं भिडली की शेजारच्या झाडात उतरते. फ्युझॅरियमही झाड असंच वाळवतो, आणि प्लेटवर तो इतका दांडगा की दोन-चार दिवसांत सगळी जागा बळकावतो. संथ वाढणारी सेरॅटोसिस्टिस त्याच्याखाली दिसतसुद्धा नाही. म्हणून तिच्यासाठी आमिष म्हणून लक्ष्मी मंडईतून गाजरं आणली. दोन चकत्यांच्या मध्ये लाकडाचे तुकडे ठेवायचे, रबर लावायचं आणि ओलसर डब्यात झाकून ठेवायचं. लॅबमध्ये नव्याने आलेली मुलं हसतात. हसू देत.

सातव्या दिवशी झाकण उघडलं आणि पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा वास आला. भिंगाखाली चकतीवर काळे इवलेसे सुरईसारखे गोळे, प्रत्येकाला केसाएवढी बारीक लांब मान, आणि मानेच्या टोकावर सायीच्या रंगाचा एकेक थेंब. तो थेंब म्हणजे नुसते बीजाणू. वास आणि थेंब, दोन्ही या बुरशीच्या ओळखीचे. मला त्याच दिवशी कळलं होतं.

पण सरांचा नियम असा की डीएनएचा क्रम हातात आल्याशिवाय बुरशीचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही. नियम वाईट नाही. नुसत्या नजरेवर छापलेले रिपोर्ट पुढे कसे खोटे पडतात, ते मीही बघितलंय.

सुईने तो थेंब उचलून शुद्ध वाढ मिळवली आणि डीएनए काढायला बसले. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची, झुरळाच्या कवचात असतं तेच. नुसत्या खलात घोटून ती नीट फुटत नाही. द्रव नायट्रोजन संपला होता, ऑर्डर कुठल्या तरी सहीसाठी अडकलेली. म्हणून पहिल्यांदा बारीक वाळू घालून घोटलं. हाती आला भेंडीसारखा तार सुटणारा बुळबुळीत गोळा. प्रथिनांची भेसळ दाखवणारं २६०/२८० चं गुणोत्तर १.८, म्हणजे दिसायला झकास, आणि तेवढं बघून निम्मे लोक पुढे जातात. साखरेसारखी भेसळ दाखवणारं २६०/२३० मात्र ०.४, फारच कमी. बुरशीची चिकट साखर सगळी डीएनएबरोबर आली होती. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया, अर्थातच कोरा.

शेवटी ओळखीच्या पशुवैद्यक डॉक्टरांकडे गेले. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात, तोच उणे १९६ अंशांचा नायट्रोजन. बाहेर बेचाळीस अंश. रिक्षात मांडीवर कॅन आणि रिक्षावाला दर सिग्नलला मागे वळून बघतोय. पण खलात ओतल्यावर बुरशीचा तो चामट पापुद्रा कडक भाकरीसारखा कटकन मोडला. पूड वितळायच्या आत सीटॅबच्या (पेशी फोडणाऱ्या साबणासारख्या रसायनाच्या) गरम द्रावणात पडली पाहिजे, नाहीतर पेशीतली विकरंच डीएनए चावून टाकतात. मग ६५ अंशांवर पाऊण तास, सोबतीला मरकॅप्टोइथेनॉलची नासक्या अंड्यांची दुर्गंधी. क्लोरोफॉर्मने दोनदा धुतलं, टोक कापलेल्या टिपने फक्त वरचा थर उचलला, मधल्या पांढऱ्या सायीला धक्का लावला नाही. थंड आयसोप्रोपेनॉलमध्ये ट्यूब हळूच कलती केली तर आत पांढरे धागे. इतक्या वर्षांनी अजूनही मी तो क्षण दिव्यासमोर धरून बघते.

पीसीआरला बँड आला, म्हणजे जेलवर डीएनएची पट्टी उमटली. आणि निगेटिव्ह कंट्रोलमध्येही आला, जिथे डीएनए घातलेलाच नव्हता. एक सहकारी म्हणाले, "फोटोतून तेवढी लेन कापून टाका की." त्यांनी आजवर किती लेन कापल्या असतील, कोण जाणे. दोष निघाला सगळ्यांच्या पाण्याच्या बाटलीत. तिच्यात जो येईल तो पिपेट बुडवतो. नवं पाणी, नवे प्रायमर, पुन्हा सगळं. या बुरशीत आयटीएस, म्हणजे ओळखीसाठी नेहमी वाचतात तो डीएनएचा तुकडा, कधी कधी फसवतो, म्हणून बीटा-ट्यूब्युलिनचं जनुकही जोडीला पाठवलं. क्रम बाहेरून करून आला तेव्हा काकांच्या पहिल्या फेरीला एकतीस दिवस झाले होते. नाव तेच, गाजराने सांगितलेलं.

फोन केला. झाडं आता अकरा.

"ताई, तुमास्नी कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. मी गाजराचं सांगितलं, वासाचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ फक्त कुठल्या तरी मोटरीचा आवाज.

"मग तवाच फोन करायचा की ओ."

त्यावर मी काहीतरी रिपोर्टचं, नियमाचं बोलले. माझं मलाच ते ऐकवेना. त्यांनी ते ऐकलं की नाही माहीत नाही. ते पुढच्या कामाला लागले होते. "बरं, आता चर कुठनं मारू? अकराव्या झाडापाशी का बाराव्या?"

बारावं झाड हिरवंगार आहे, ते म्हणाले. फळं धरलीत त्यावर.

मुळं कुठवर गेलीत ते वरून कसं दिसणार. बाराव्याच्याही पलीकडून मारा, मी सांगितलं. सरांना न विचारता.